गणपतीतला एकत्र फोटो आणि आजींचे हिरवे लुगडे

देवगड तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. जागेअभावी ते थोडे आवरून देत आहे.

“यंदा गणपतीला आमच्या घरी चार पिढ्यांची मिळून १९ माणसे जमणार आहेत आणि कणकवलीहून फोटोग्राफर बोलावला आहे. कपड्यांचे ठरवण्याचे काम माझ्यावर, म्हणजे धाकट्या सुनेवर, आले आहे. मुंबईच्या दिरांना सगळ्यांनी पांढरे टी-शर्ट आणि जीन्स घालून कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर फोटो काढायचा आहे. चुलत सासऱ्यांना बायकांनी नऊवारी आणि पुरुषांनी धोतर नेसलेले हवे आहे. जाऊबाई म्हणतात की, सगळ्यांनी फिका पिस्ता रंग घ्यावा. आजेसासूबाईंनी मात्र आपण आपले हिरवे इरकली लुगडेच नेसणार, असे सांगून टाकले आहे. माझा १४ वर्षांचा मुलगा कुडता घालायला तयार नाही. काकी, म्हणजे माझ्या दुसऱ्या चुलत सासूबाई, यांचे यजमान जाऊन दीड वर्ष झाले. त्या म्हणतात, मी कशाला फोटोत. आमचे घर जांभ्याचे आहे, पुढे ओटी आणि खळे आहे. नवीन कपड्यांवर फार खर्च करण्याची कुणाचीच तयारी नाही. शिवाय मुलाने विचारले आहे की, माजघरातल्या जुन्या फोटोत सगळ्या बायका काळी लुगडी नेसून का बसल्या आहेत. त्याचेही उत्तर मिळाले तर बरे.”

तुमच्या घरात चार मते आहेत असे तुम्ही लिहिता, पण त्यांतील तीनच मते आहेत. चौथा निर्णय आहे आणि तो आजींचा आहे. तो बदलणार नाही आणि बदलण्याचा प्रयत्नही कुणी करू नये. माझा सल्ला असा की, उरलेल्या १८ जणांचे कपडे आजींच्या लुगड्यावरून ठरवावेत. यात आजींचा मान राखला जातो हे तर आहेच; परंतु रंगांच्या दृष्टीनेही हीच सर्वांत सोपी वाट आहे, कारण ते लुगडे विणणाऱ्याने तुमचे निम्मे काम आधीच करून ठेवले आहे.

इरकली लुगड्याचा पदर बहुधा लाल असतो आणि त्यावर पांढरी नक्षी असते. आजींचे लुगडे तसेच असेल तर हिरवा, लाल आणि पांढरा हे तीन रंग तुमच्या हातात आले. आता हेच तीन रंग जसेच्या तसे सगळ्यांना वाटून देऊ नका, नाही तर फोटो शाळेच्या संचलनासारखा दिसेल. लाल रंगाच्या घरातले आमसुली, डाळिंबी आणि अंजिरी घ्या. पांढऱ्याच्या घरातले मोतिया, बदामी आणि न रंगवलेल्या सुताचा रंग घ्या. आणि हिरव्याच्या शेजारचे म्हणून मोरपंखी व गडद निळा घ्या. निव्वळ हिरवा मात्र आजींसाठी राखून ठेवा. इतक्या माणसांत तो रंग एकट्या आजींच्या अंगावर असला की, बघणाऱ्याची नजर आपोआप मधोमध बसलेल्या आजींवर जाते आणि त्यासाठी फोटोग्राफरला वेगळे काही करावे लागत नाही. हे सगळे रंग प्रत्येकाच्या कपाटात कोणत्या ना कोणत्या रूपात असतातच, त्यामुळे खर्चाचा प्रश्नही बहुतेक सुटतो.

रंग कोणता यापेक्षा तो किती गडद किंवा किती फिका, हे मोठ्या फोटोत अधिक महत्त्वाचे ठरते, आणि नेमके याकडेच दुर्लक्ष होते. १२ बाय १८ इंचांचा फोटो भिंतीवर लावायचा आहे असे धरा. १९ माणसे तीन रांगांत उभी केली, तर एका रांगेत सहा-सात जण येतात आणि कडेची जागा सोडल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला दोन-अडीच इंच रुंदी येते. चेहरा त्यातला जेमतेम पाऊण इंच. एवढ्या आकारात साडीवरची बुट्टी किंवा कुडत्यावरचे भरतकाम कुणालाही दिसत नाही. दिसतो तो फक्त रंगाचा ठिपका. त्यात एकच ठिपका चुन्यासारखा पांढरा किंवा झगझगीत केशरी असेल, तर सगळे चेहरे सोडून डोळा तिथेच अडकतो.

याची परीक्षा घरबसल्या घेता येते. प्रत्येकाने आपला ठरवलेला कपडा दिवसा खिडकीजवळ पसरावा, त्याच्या शेजारी पांढरा कोरा कागद ठेवावा आणि मोबाइलवर फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकावा. कागद अशासाठी की, मोबाइल आपल्या मर्जीने रंग कमी-जास्त करतो आणि कागद पिवळट किंवा निळसर दिसला की ती लबाडी कळते. मग सगळे फोटो एकत्र जोडून ते कृष्णधवल करून पाहा. ज्या कपड्याचा करडेपणा इतरांत मिसळत नाही, तो एक तर बदलावा किंवा तो घालणाऱ्याला मागच्या रांगेत उभे करावे.

तुमच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच देतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत वापरल्या जाणाऱ्या फोटोच्या काचांना, म्हणजे फिल्मच्या जागी असलेल्या रसायन लावलेल्या काचांना, निळा उजेड चांगला कळे, लाल जवळजवळ कळतच नसे. त्यामुळे लाल रंगाची प्रत्येक वस्तू फोटोत काळी उमटे. माजघरातला फोटो त्या काळातला असेल, तर ती लुगडी काळी नसून लाल असण्याचीच शक्यता मोठी आहे. त्या बायकांच्या कपाळावरचे कुंकूही फोटोत काळे दिसते का, हे मुलाला पाहायला सांगा.

आता जागेविषयी, कारण तिचा कपड्यांशी थेट संबंध आहे. मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठत असली, तरी भाद्रपदात समुद्र निवलेला नसतो. वारा पदर जागेवर राहू देत नाही आणि वाळूत आजींची खुर्ची रुतते. शिवाय आपल्या किनाऱ्यावर संध्याकाळी सूर्य समुद्राच्या बाजूला असतो, म्हणजे समुद्र पाठीशी घेऊन उभे राहिले की चेहरे काळवंडतात आणि कोणते कपडे घातले आहेत हा प्रश्नच उरत नाही. म्हणून मोठा फोटो घरीच, ओटीच्या पायऱ्यांवर काढावा.

तिथे मागे जांभ्याची भिंत येईल. पावसात भिजलेला जांभा उन्हाळ्यातल्यापेक्षा बराच गडद, तपकिरी-लाल दिसतो आणि त्याच्यापुढे आजींचे हिरवे लुगडे फार उठून दिसेल. उलट खळ्याच्या कडेची झाडे किंवा भाताचे मळे मागे घेतले, तर तेच लुगडे हिरव्यात हरवून जाईल. भिंतीमुळे एक पथ्य मात्र पाळावे लागेल. सर्वांत मागच्या रांगेतल्या माणसांनी विटकरी, तपकिरी किंवा काळपट लाल घालू नये, कारण त्यांचे खांदे भिंतीत विरघळतील आणि नुसती डोकी उरतील. त्यांना मोतिया, बदामी किंवा निळा द्या आणि आमसुली, डाळिंबी पुढच्या दोन रांगांत आणा.

पावसाळी आभाळाचा उजेड मऊ असतो. डोळ्यांखाली सावल्या पडत नाहीत आणि कुणी डोळे बारीक करत नाही. मात्र तो थोडा निळसर असतो, त्यामुळे चेहऱ्याजवळ ऊबदार रंग असलेले बरे. जाऊबाईंचा फिका पिस्ता येथेच अडतो. हॉलमधल्या लग्नाच्या पिवळ्या दिव्यांत तो रंग सुरेख दिसतो हे खरे, पण ढगाळ उजेडात आणि चहूबाजूंनी हिरवळ असताना तो गालांवर आजारी छटा टाकतो. त्यांना हे असेच तोंडावर न सांगता खिडकीजवळ फोटो काढून दाखवा. आणखी एक गोष्ट, जी बाहेरून येणाऱ्या फोटोग्राफरच्या ध्यानात ऐन वेळी येते: झडीचा पाऊस आत येऊ नये म्हणून पडवीला निळे प्लॅस्टिक बांधले असेल, तर त्यातून येणारा उजेड मोतिया साड्या आणि पांढरे सदरे निळे करून टाकतो. तेवढ्या वेळापुरते ते सोडून ठेवा.

दिरांच्या पांढऱ्या टी-शर्टांत वाईट काही नाही. ते स्वस्त आहेत, मुलांना आवडतील आणि वादही होणार नाही. पण १८ पांढरे टी-शर्ट खांद्याला खांदा लावून उभे राहिले की, त्यांचा एकच पांढरा पट्टा होतो आणि कोण कुठे संपतो तेच कळत नाही. पावसाचे चार थेंब पडले की पांढरा सुती टी-शर्ट अंगाला चिकटून आरपार दिसतो आणि तांबड्या मातीचा शिंतोडा एकदा बसला की तो धुऊनही पुरता जात नाही. सर्वांत मोठी अडचण अशी की, त्या फोटोत आजी आपल्या लुगड्यात परक्या दिसतील. तेव्हा टी-शर्ट जरूर मागवा, पण ते भावंडांच्या वेगळ्या फोटोसाठी ठेवा. दिरांनाही हे पटेल असे वाटते.

चुलत सासऱ्यांचा आग्रह मला अधिक समजतो, कारण सण गणपतीचा आहे आणि घर जुने आहे. तरीही जी सून वर्षभर पंजाबी ड्रेस घालून नोकरीला जाते, तिला शिवलेली नऊवारी आणि भाड्याचे दागिने घालून उभे केले की, ती फोटोत शाळेच्या स्नेहसंमेलनातून आल्यासारखी दिसते. त्यातला अवघडलेपणा चेहऱ्यावर आधी उमटतो. ज्यांना नऊवारी नेसता येते आणि आवडते, त्यांनी अवश्य नेसावी. बाकीच्यांनी सहावारी नेसावी आणि जिला साडीच नको असेल तिने साधा लांब कुडता घालावा. पुरुषांपैकी स्वतः चुलत सासरे आणि त्यांच्या बरोबरीचे कुणी धोतर नेसोत, तरुणांना सदरा-लेंगा पुरे आहे. एक वेगळेपणा मात्र चुलत सासऱ्यांना मुद्दाम द्यावा: उपरणे. आजींच्या पदराच्या लालाशी जुळणारे उपरणे त्यांच्या खांद्यावर असू द्या आणि त्यांना आजींच्या शेजारी बसवा.

मुलाच्या बाबतीत तुम्ही विनाकारण काळजी करत आहात. १४ वर्षांचा मुलगा उंच असेल तर मागच्या रांगेत उभा राहील आणि तिथे उभ्या असलेल्या माणसाचे छातीपासून वरचेच दिसते. त्याला गडद निळा, कॉलरचा, बिनअक्षरांचा शर्ट घालू द्या. खाली जीन्स असली तरी कुणाला कळणार नाही. मागच्या रांगेसाठी गळा आणि खांदा नीट असला की झाले, निऱ्या आणि इस्त्रीची सगळी मेहनत पुढे बसणाऱ्यांवर करा. पुढच्या रांगेचे पाय दिसतात, म्हणून सगळ्यांनी अनवाणीच असावे. आपल्या ओटीवर तेच शोभते आणि १९ जोडी चपलांचा प्रश्नही मिटतो.

लहान मुलांना जरीचे, टोचणारे कपडे घालू नका आणि कार्टूनची चित्रे असलेले तर मुळीच नकोत. त्यांचे कपडे सर्वांत शेवटी, फोटोच्या दहा मिनिटे आधी चढवा.

कापडाविषयी तीन गोष्टी सांभाळा. नायलॉन, साटीन आणि भरगच्च जरीचे काठ फ्लॅशचा उजेड परत फेकतात आणि फोटोत पांढरे चट्टे उमटतात, म्हणून सुती किंवा कमी चमकेचे रेशमी कापड बरे. अगदी बारीक रेघांचे किंवा बारीक चौकडीचे शर्ट टाळा, कारण डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवरही सूक्ष्म बिंदूंची जाळी असते आणि कापडाच्या रेघा तिच्याशी अडखळल्या की, मुळात नसलेल्या लाटा फोटोत दिसू लागतात. तिसरी गोष्ट घामाची. भाद्रपदातल्या दमट हवेत राखाडी आणि फिक्या निळ्या कपड्यावर काखेतला ओला डाग लांबून दिसतो. तो गडद निळ्यावर, मोतियावर किंवा नक्षीच्या कापडावर फारसा दिसत नाही. पातळ पांढऱ्या सदऱ्यातून बनियनचे पट्टे दिसतात, तिथे बाहीचे बनियन घालावे. खिशातले पेन आणि मोबाइल काढून ठेवायला सांगावे लागतेच. कुणाच्या चष्म्याच्या काचा बाहेर गेल्यावर काळ्या होणाऱ्या असतील तर त्यांनी घरातला साधा चष्मा लावावा, कारण त्या काचा ढगाळ दिवशीही गडद होतात आणि डोळे झाकले जातात.

या सगळ्यापेक्षा अधिक घाईचे काम म्हणजे कपाटे उघडणे. श्रावणात कपाटातल्या रेशमावर बुरशी धरते आणि तांबूस ठिपके पडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. आजींचे लुगडे आजच बाहेर काढून दोन्ही बाजूंनी पाहा, उघडीप मिळेल त्या दिवशी सावलीत वाऱ्यावर टाका आणि पुन्हा घडी घालताना जुनी मोड बदला. धुवायचे कपडे चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यावर ठेवू नका, ते वाळणार नाहीत. ब्लाऊज सैल-घट्ट करायचे असतील तर गणपतीच्या तोंडावर शिंपी उभेही करत नाही. मुंबईची मंडळी गाडीतून दाबलेल्या बॅगा घेऊन येतील. त्यांच्या कपड्यांना आल्या दिवशीच इस्त्री करून घ्या, कारण फोटोच्या दिवशी वीज असेलच असे धरून चालता येत नाही.

काकींविषयी तुम्ही दोनच ओळी लिहिल्या आहेत, पण पत्रातला सर्वांत अवघड भाग तोच आहे. “मी कशाला फोटोत” या वाक्यामागे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. त्यांना खरोखरच अजून फोटोत यावेसे वाटत नसेल. किंवा आपण आलो तर कुणी तरी काही बोलेल, अशी धास्ती असेल. यांतले काय आहे ते चार माणसांसमोर कळणार नाही. दुपारी निवांत वेळी तुम्ही किंवा त्यांच्या जवळची एखादी जाऊ त्यांच्यापाशी बसा आणि काय नेसणार असे विचारा, येणार का असे विचारू नका. पहिल्या प्रश्नात त्यांची जागा धरलेलीच असते. तरीही त्या नाही म्हणाल्या तर एकदाच पुन्हा विचारावे आणि मग सोडून द्यावे.

त्या हो म्हणाल्या तर त्यांच्यासाठी कोणताही रंग तुम्ही ठरवू नका. मोतिया आणि बदामी हे रंग मी मुद्दाम सगळ्यांच्या यादीत घातले आहेत. काकींनी फिकी साडी निवडली आणि तुम्ही व जाऊबाईही मोतिया नेसलात, तर तिघींमध्ये कुणाचे काय झाले हे साडीवरून कुणाला सांगता येणार नाही. आणि त्यांनी डाळिंबी साडी काढली, तर त्यावर कौतुकाचासुद्धा शब्द कुणी काढू नये, हे घरातल्या मोठ्या माणसांना आधी सांगून ठेवा. केसांत माळायला वळेसर आणाल, तेव्हा एकाच तबकात ठेवून तबक सगळ्या बायकांसमोर फिरवा, काकींसमोरही. घ्यायचे की नाही ते त्या ठरवतील. चुलत सासरे यावर कुरकुरले तर त्यांना आठवण द्यावी की, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. गावाने जे ठरावात लिहिले ते आपल्या ओटीवर करायला हरकत नसावी. काकींना आजींच्या दुसऱ्या बाजूला, खुर्चीवर बसवा. मागच्या रांगेच्या टोकाला उभे करू नका.

दिवस ऋषिपंचमीचा ठेवा. चतुर्थीला बायका पहाटेपासून मोदकांच्या वाफेत असतात आणि गौरीच्या दिवसांत ओवशांची, म्हणजे सुपातून गौरीला वाण देण्याची, धावपळ असते. त्या दिवशी नेसलेली साडी दुपारपर्यंत चुरगळून जाते. पंचमीला ऋषीची भाजी झाली की दुपार बरीच मोकळी मिळते. फोटोग्राफरला साडेतीनला बोलवा, म्हणजे ढग दाटून अंधारण्याआधी आणि आरती-भजनाची गडबड सुरू होण्याआधी काम उरकेल. त्याला आधीच सांगा की १९ जणांचा फोटो सर्वांत पहिला काढायचा, आजींना एकदाच उठवायचे आणि नंतर वेगवेगळ्या कुटुंबांचे फोटो घ्यायचे. दिरांचे टी-शर्ट त्यानंतर निघतील. तोपर्यंत पाऊस आला असेल तर भावंडांनी ते घालून खुशाल खळ्यात भिजावे. त्या फोटोत कपडे कसे दिसतात याची चिंता कुणीच करणार नाही.